सारथी आणि स्वामी

नलोपाख्यानांतील एक प्रसंग महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण यास एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुरास पोंचावयाचें होतें. त्याच्या पदरीं असलेल्या बाहुक नांवाच्या सारथ्यानें अश्वशाळेंतून जे घोडे निवडले ते दिसावयास रोड होते. राजाला शंका आली व त्यानें ती बोलूनही दाखविली. परंतु घोड्यांची पारख या माणसास आहे, आपणांस नाहीं, हें ओळखून तो मुकाट्यानें रथांत चढला. वाटेंत राजाचें उपरणें उडालें. रथ थांबवावा असें तो म्हणतो तोंच बाहुकानें सांगितलें, कीं तें उपरणें योजनभर मागें राहिलें. पुढें त्याच प्रवासांत राजानें सारथ्यास अक्षविद्या शिकविली आणि सारथ्यानें राजास अश्वविद्या देऊं केली. बाहुक म्हणजे रूप पालटलेला नल राजा, हें श्रोत्यांस सांगावयास नको.

या कथेंत गुणी सारथी आहे तसाच गुणी स्वामीही आहे, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. ऋतुपर्णानें घोड्यांच्या निवडीच्या बाबतींत हट्ट धरला असता, तर बाहुकाची सारी विद्या व्यर्थ गेली असती. आज रथाच्या जागीं मोटार आली आणि सारथ्याच्या जागीं शोफर आला. मोठ्या कचेऱ्यांचे चालक, वैद्य, वकील, व्यापारी यांच्या घरीं पगारी शोफर असणें ही शहरांतून नित्याची गोष्ट झाली आहे. या माणसास कोणती विद्या यावी लागते, ती कशी शिकविली जाते, आणि ती शिकूनही कोणत्या कारणानें निष्फळ होते, याचा विचार ज्या घरीं शोफर आहे त्या घरानें अवश्य करावा. कारण त्या घराचे प्राण रोज त्याच्या हातीं असतात.

शोफर हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ तापविणारा, म्हणजे आगगाडीवर ज्यास आगवाला म्हणतात तो. आरंभींचीं वाहनें वाफेवर चालत. त्यांची भट्टी पेटवून ठेवणें हें या माणसाचें काम. पुढें तेलाचें एंजिन आलें तरी नांव तेंच राहिलें. या जुन्या नात्याची एक गंमतीची खूण जर्मनींत दिसते. प्रशियांत १९०३ सालीं मोटार हांकणाऱ्यास परवाना सक्तीचा झाला, तेव्हां त्याची परीक्षा घेण्याचें काम वाफेच्या बाष्पपात्रांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे देण्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं, १९०४ सालीं, बव्हेरियांतील आशाफेनबुर्ग येथें मोटार हांकण्यास शिकविणारी शाळा निघाली. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानानें १९१० सालीं परवान्याचा कायदा केला तो प्रथम पगारी शोफरांपुरताच; मालकांस त्यांतून सूट होती. इंग्लंडांत तर १९०३ सालापासून परवाना पैसे भरून मिळे. परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ सालीं.

त्या काळीं शोफर हा अर्धा कारागीर असे. विजेच्या साहाय्यानें एंजिन सुरू करण्याची सोय कॅडिलॅक गाडींत १९१२ सालीं आली. तोंवर पुढें उभें राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे, आणि एंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडे. टायर वारंवार फुटत, वाटेंत दुरुस्ती करावी लागे. साहजिकच यंत्रविद्या सारी नोकराच्या हातीं आणि पैसा सारा धन्याच्या हातीं, अशी स्थिति झाली. कित्येक अमेरिकन शोफर धन्याच्या गैरहजेरींत त्याची गाडी फिरवीत, आणि सुट्या भागांच्या खरेदीवर गॅरेजवाल्याकडून दस्तुरी घेत. धन्यांनीं आरडाओरड केली, कायदे मागितले. परंतु खरा उपाय शिक्षणाचा होता. न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती तरुण संघानें मोटार-शाळा काढली, तींत शोफरांबरोबर मालकही येऊन शिकूं लागले. धनी थोडासा यंत्रज्ञ झाला आणि नोकर थोडासा सभ्य गृहस्थ झाला, तेव्हां दोघांमधील अविश्वास कमी होऊं लागला. ऋतुपर्ण आणि बाहुक यांची देवघेव ती हीच.

आतां शोफरच्या विद्येचीं अंगें क्रमानें पाहूं गेल्यास पहिलें अंग म्हणजे गाडीची निगा. चांगला शोफर सकाळीं गाडींत बसण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी मारतो. जमिनीवर तेलाचा किंवा पाण्याचा डाग पडला आहे काय, टायरवर चीर किंवा फुगवटा आहे काय, दिवे सारे लागतात काय, हें तो पाहतो. टायरांतील हवा तो थंड असतांना मोजतो. कारण धांवून तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो आणि मोजणी फसते. एंजिनाचें तेल, ब्रेकचें तेल, थंडाव्याचें पाणी, कांच धुण्याचें पाणी, हें सारें पाहण्यास दहा मिनिटें पुरतात. ज्या घरीं शोफर येतांच "चला, उशीर झाला" अशी हांक येते, त्या घरीं या दहा मिनिटांची बचत पुढें केव्हां तरी फार महाग पडते.

दुसरें अंग नजरेचें. नवशिक्याची दृष्टि आपल्या गाडीच्या नाकापुढें खिळलेली असते. निष्णात माणसाची दहाबारा सेकंदांनीं आपण जेथें पोंचणार तेथें असते, आणि मधून मधून ती तिन्ही आरशांवरून फिरून येते. उभ्या बसच्या पुढून एखादें मूल येईल, रिक्षा अचानक वळेल, खांबाआडून सायकलवाला निघेल, हें तो घडण्यापूर्वींच गृहीत धरतो. यामागें साधें गणित आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसासही सुमारें एक सेकंद लागतो. तासास ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तेवढ्यांत २२ मीटर पुढें जाते, आणि कोरड्या रस्त्यावर जोरानें ब्रेक लावला तरी थांबावयास आणखी सुमारें ३५ मीटर घेते, एकूण ५७. हाच वेग १०० केला तर पहिल्या सेकंदांत २८ आणि पुढें ५५, असे ८३ मीटर होतात. वेग सव्वापट झाला, परंतु अंतर जवळ जवळ दीडपट झालें. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचें अंतर राखावें, आणि पावसांत तें दुप्पट करावें, असा धडा अनेक शाळांतून देतात. पुढची गाडी खांबापाशीं आली कीं मनांत मोजावयास लागावें, आणि तीन मोजल्यावर आपली गाडी त्या खांबाशीं यावी.

तिसरें अंग पावलाचें. मागें बसलेला मनुष्य कागद वाचीत असतो, टेलिफोनवर बोलत असतो, किंवा आजारीही असतो. वाचणाऱ्याचे डोळे सांगतात कीं सारें स्थिर आहे, आणि कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय सांगतें कीं देह हलत आहे. या भांडणांतून मळमळ उत्पन्न होते. म्हणून वेग वाढविणें, कमी करणें आणि वळणें हीं तिन्ही कामें इतकीं हळुवार व्हावीं लागतात कीं मागच्या माणसाच्या मानेस तीं कळूं नयेत. गाडी थांबत असतां अगदीं शेवटच्या क्षणीं ब्रेकवरचा दाब किंचित् सैल करावयाचा, म्हणजे शेवटचा हिसका बसत नाहीं. ही या धंद्यांतील खरी खूण. ज्यास हें साधलें त्याचें शिक्षण ओळखूं येतें. पाण्यानें काठोकाठ भरलेला पेला गाडींत ठेवून मोकळ्या जागीं याचा सराव करतां येतो. ज्याचें पाणी सांडत नाहीं त्याचे टायर आणि ब्रेकही अधिक टिकतात, हा वरकड लाभ.

घाटांत या पावलाची परीक्षा होते. बोरघाट उतरतांना सारा भार ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक दगा देतात. ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागतो त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. परंतु जुने सारेच नियम खरे राहिलेले नाहींत, आणि यासाठींच शिक्षण एकदांच घेऊन भागत नाहीं. निसरड्या रस्त्यावर ब्रेक एकसारखा दाबूं नये, थोडा थोडा दाबून सोडावा, असें पूर्वीं शिकवीत. कारण चाकें अडकलीं कीं गाडी वळत नसे. आतांच्या गाड्यांत चाकें अडकूं न देणारी योजना असते. ती स्वतःच दाब सोडते व धरते, आणि त्या वेळीं पायाखालीं थरथर जाणवते. अशा गाडींत संकटसमयीं ब्रेक पूर्ण जोरानें दाबून धरावयाचा आणि हातानें गाडी वळवावयाची. ज्यानें हें शिकलेलें नाहीं तो थरथरीनें भिऊन पाय उचलतो आणि चांगल्या यंत्राचा लाभ घालवितो. विजेच्या गाडींत आणखी निराळें: तेथें वेगाच्या पट्टीवरून पाय उचलला कीं गाडी आपोआप मंदावते आणि ती शक्ति बॅटरींत परत जाते. पाय झटकन् उचलला तर प्रवाशाची मान पुढें जाते. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसासही अशा वेळीं पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें.

चौथें अंग वाटेचें ज्ञान. लंडनच्या काळ्या टॅक्सीवाल्यांस जी परीक्षा द्यावी लागते तिचें नांवच ‘ज्ञान’ असें आहे. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतील सुमारें २५,००० रस्ते आणि ३२० ठराविक मार्ग मुखोद्गत करावे लागतात, आणि त्यास कित्येकांस तीन-चार वर्षें लागतात. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय निबंधांत लंडनच्याच संशोधकांनीं असें दाखविलें, कीं स्थळांची आठवण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागाचा मागील अंश या टॅक्सीवाल्यांत इतरांहून मोठा असतो. आतां आकाशांतील उपग्रह वाट दाखवितात, हें खरें. तरीही कोणत्या दाराशीं उतरवावें, गाडी उभी करण्यास जागा कोठें मिळेल, रुग्णालयाचें तातडीचें दार कोणत्या गल्लींत आहे, हें शोफरास स्वतः ठाऊक असावें लागतें. जुलै महिन्यांत हिंदमाता किंवा अंधेरीचा भुयारी रस्ता केव्हां टाळावा, हें मुंबईच्या शोफरास आभाळाकडे पाहून कळावें लागतें.

पांचवें अंग आचाराचें. भारतांत वाहनें डाव्या बाजूनें जातात, म्हणून प्रवाशास पदपथाच्या बाजूस, म्हणजे डावीकडून, उतरविणें सुरक्षित. दार उघडण्यापूर्वीं मागून सायकल किंवा मोटारसायकल येत नाहीं ना, हें पाहणें हें शोफरचें कर्तव्य. त्या क्षणाच्या विसरानें परक्याचा जीव जातो. गाडींत जें बोलणें होतें तें त्याच्या कानांवर पडतें, आणि तें तेथेंच राहिलें पाहिजे. घरांतील आजार, धंद्यांतील तोटा, मुलांचीं भांडणें, हें सारें ज्यास कळतें आणि ज्याच्या तोंडून कधींच निघत नाहीं, अशा माणसाचें मोल पगारानें होत नाहीं. त्याखेरीज प्रथमोपचार यावयास हवा. अपघातांतील जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें हें चालकावर कायद्यानें बंधनकारक आहे, आणि परक्या जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यास २०१९ सालच्या दुरुस्तीनें संरक्षणही मिळालें आहे.

हीं सारीं अंगें एका पद्धतींत बसविण्याचें मोठें श्रेय इंग्लंडांतील पोलिस-शिक्षणास आहे. लंडनच्या पोलिसांनीं १९३० नंतरच्या दशकांत हेंडन येथें चालकांची शाळा काढली, आणि त्या परंपरेंतून ‘रोडक्राफ्ट’ हें पाठ्यपुस्तक १९५५ सालीं निघालें. आज त्यांतील पद्धतीचीं पांच पदें अशीं: माहिती, जागा, वेग, गिअर, आणि मग गतिवृद्धि. आधीं पाहावें, मग रस्त्यावरील योग्य जागा धरावी, मग वेग ठरवावा, त्यास साजेसा गिअर घ्यावा, आणि सारें निर्वेध दिसल्यावरच पुढें वाढावें. या शिक्षणांत विद्यार्थी गाडी चालवितांना काय दिसतें आणि त्यावर काय करणार, हें मोठ्यानें बोलत जातो. जें बोलतां येत नाहीं तें त्यानें पाहिलेलेंच नाहीं, असें गुरु समजतो. पुण्याजवळ भोसरी येथें १९६७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेंतही चालकांच्या शिक्षणाचें काम होत आलें आहे. परंतु भारतांत खासगी मोटार पगारावर चालविण्यास निराळी परीक्षा नाहीं. साधा परवाना असला कीं पुरे. म्हणून उरलेली परीक्षा घेण्याची जबाबदारी नोकरीवर ठेवणाऱ्या घरावरच येऊन पडते.

येथवर शोफरची विद्या झाली. आतां ती विद्या कशी निष्फळ होते तें पाहावयाचें, आणि त्यास जगाच्या इतिहासांतील एक उदाहरण पुरेसें आहे. २८ जून १९१४ रोजीं ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनंड सारायेव्हो शहरांत आले होते. सकाळीं मिरवणुकीवर बाँब पडला. युवराज वांचले, मागील गाडींतील माणसें जखमी झालीं. नगरभवनांतील समारंभानंतर युवराजांनीं जखमी अधिकाऱ्यास रुग्णालयांत भेटावयाचें ठरविलें. ठरलेल्या वाटेनें अरुंद रस्त्यांत न वळतां नदीकांठच्या सरळ रस्त्यानें जावें, असा बेत बदलला. हा बदल सेनापतींस ठाऊक होता, युवराजांस ठाऊक होता. तो सांगावयाचा राहून गेला तो फक्त गाड्या चालविणाऱ्यांस. लॅटिन पुलापाशीं पहिली गाडी जुन्या वाटेनें उजवीकडे वळली, आणि युवराजांचा चालक लिओपोल्ड लोइका हा तिच्यामागें वळला. गाडींत बसलेले राज्यपाल ओरडले, "ही वाट नव्हे!" लोइकानें आज्ञेप्रमाणें गाडी थांबविली. जेथें ती थांबली तेथेंच गाव्रिलो प्रिन्सिप पिस्तुल घेऊन उभा होता. दोन गोळ्या सुटल्या, युवराज आणि त्यांची पत्नी दोघेंही मरण पावलीं, आणि पुढें महिना-दीड महिन्यांत युरोप महायुद्धांत लोटला गेला. महायुद्धाचीं कारणें अनेक आणि खोल होतीं, हें निराळें. परंतु त्या वळणावर चालकाच्या हातापायांत कोणतेंच न्यून नव्हतें. न्यून होतें तें इतकेंच, कीं जो गाडी नेणार त्यास कोठें जावयाचें तें सांगणें कोणास महत्त्वाचें वाटलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण फ्रान्समधील आहे. २२ ऑगस्ट १९६२ रोजीं संध्याकाळीं पॅरिसजवळ प्ती-क्लामार येथें अध्यक्ष द गॉल यांच्या सित्रोएन गाडीवर दडून बसलेल्या मारेकऱ्यांनीं सुमारें दीडशें गोळ्या झाडल्या. दोन टायर फुटले, कांचा फुटल्या. चालक फ्रांसिस मारू हा पोलिसदलांतील शिकलेला माणूस होता. त्यानें गाडी थांबविली नाहीं, तिचा तोल सांभाळून वेग वाढविला, आणि तशाच फुटक्या टायरांवर ती विलाकुब्ले विमानतळापर्यंत नेली. पुढच्या आसनावर द गॉल यांचे जांवई बसले होते. त्यांनीं थांबूं नको असें ओरडून सांगितलें. येथें सांगणारा आणि चालविणारा यांचें मन एक होतें, आणि गाडींतील कोणासही इजा झाली नाहीं.

त्याच पॅरिस शहरांत ३१ ऑगस्ट १९९७ रोजीं मध्यरात्रीनंतर इंग्लंडची राजस्नुषा राहिलेली डायना हिचा अंत झाला. त्या रात्रीं गाडीवर नेहमींचा शोफर नव्हता. हॉटेलच्या सुरक्षा विभागांतील अधिकाऱ्यास आयत्या वेळीं चाकावर बसविण्यांत आलें. अशा भाड्याच्या गाडीसाठीं लागणारा खास परवाना त्याच्यापाशीं नव्हता, आणि त्याच्या रक्तांत मद्याचें प्रमाण फ्रेंच कायद्याच्या मर्यादेहून पुष्कळ अधिक निघालें. ५० किलोमीटरची मर्यादा असलेल्या भुयारांत गाडी सुमारें १०० च्या वेगानें खांबावर आदळली. पाठलाग करणारे छायाचित्रकार होते, हें खरें. २००८ सालीं इंग्लंडांतील पंचांनीं चालकाबरोबर त्यांच्याही बेदरकारीस दोष दिला. परंतु गाडींतील चौघांपैकीं एकानेंही पट्टा बांधलेला नव्हता. धन, मान, उत्तम गाडी, सारें असून जें शोफरच्या पहिल्या पाठांत शिकवितात तें त्या गाडींत कोणीच पाळलें नाहीं.

पट्ट्याची गोष्ट महाराष्ट्रासही लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. पुढें बसलेलीं दोघें वांचलीं; मागें बसलेले दोघे मरण पावले, आणि त्यांनीं पट्टे बांधले नव्हते असें पोलिसांस आढळलें. मागील आसनावरील माणसासही पट्टा बांधणें कायद्यानें सक्तीचें आहे, आणि २०१९ सालच्या दुरुस्तीनें त्याचा दंड एक हजार रुपये झाला आहे. शोफर म्हणतो, "साहेब, पट्टा लावून घ्यावा." साहेब म्हणतात, "इथेंच तर जावयाचें आहे." शोफर गप्प बसतो, कारण त्यास नोकरी राखावयाची असते. शाळेंत त्यास पट्ट्याचें महत्त्व शिकविलें असेल; परंतु दुसऱ्यांदां म्हणण्याचा अधिकार शाळा देऊं शकत नाहीं, तो घरानेंच द्यावा लागतो.

सर्वांत मोठी गोष्ट झोंपेची. मुंबईंत मलबार हिलवर सकाळीं आठला हजर व्हावयाचें, तर डोंबिवलीस किंवा विरारला राहणारा शोफर पांचला उठतो. दिवसभर गाडी, मधल्या वेळांत उन्हांत वाट पाहणें, आणि रात्रीं साहेबांस मेजवानी. दहा वाजतां तो सतरा तास जागा झालेला असतो. सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हातापायांची चपळाई किती मंदावते, हें शास्त्रज्ञांनीं मोजून पाहिलें आहे; ती रक्तांत ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाएवढी मंद होते. आतां भारताच्या कायद्यानें चालकास मद्याची मर्यादा किती आहे? १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ असा, कीं जो कायदा प्यालेल्या चालकास पकडतो त्याच्याच मापानें मोजलें, तर मेजवानीच्या दाराशीं उभा असलेला, थेंबभरही न प्यालेला शोफर गाडी चालविण्यास अपात्र असतो. ८० किलोमीटरच्या वेगांत चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळ जवळ ९० मीटर आंधळी धांवते. १९६१ सालीं मोटार वाहतूक कामगारांसाठीं जो कायदा झाला त्यानें दिवसास आठ आणि आठवड्यास ४८ तास अशी सर्वसाधारण मर्यादा घातली, आणि सलग पांच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांति सांगितली. परंतु तो वाहतुकीचा धंदा करणाऱ्या संस्थांसाठीं होता; घरच्या मोटारीवरील एकट्या शोफरवर त्याची छाया पडली नाहीं. त्याची मर्यादा घरच्या मंडळींच्या विवेकावरच राहिली.

म्हणून शोफर ठेवणाऱ्या घरानें चार गोष्टी आपल्याकडे घ्याव्या. आदल्या रात्रीं दुसऱ्या दिवसाचा बेत त्यास सांगावा, आणि बेत बदलला तर तो प्रथम त्यासच सांगावा. रात्रीं उशीर होणार असेल तर सकाळीं उशिरा बोलवावें, किंवा मेजवानीहून टॅक्सीनें परतावें. नवी गाडी घेतली तर ती चालविण्याचें शिक्षण पगारी वेळांत द्यावें, आणि दर वर्षीं त्याच्या डोळ्यांची तपासणी स्वखर्चानें करवावी. आणि मुलांबाळांदेखत त्यास एकदां स्पष्ट सांगून ठेवावें, कीं पट्टा, वेग आणि झोंप या तीन बाबतींत त्याचा शब्द शेवटचा.

हा शेवटचा अधिकार देणें अवघड जातें. विमानतळाची वाट चाळीस किलोमीटरांची आहे आणि वेळ थोडा आहे, अशा वेळीं मागून शब्द येतात, "जरा दाबा पाहूं!" ८० च्या ऐवजीं १०० नें गेल्यास सारा रस्ता मोकळा मिळाला तरी सहा मिनिटें वांचतात, शहरांतील रस्त्यांवर तितकींही नाहींत. त्या सहा मिनिटांसाठीं थांबण्याचें अंतर दीडपट करून घ्यावयाचें किंवा नाहीं, हा निर्णय ज्याचा पाय ब्रेकवर आहे त्यानें करावा, हेंच न्यायाचें. शोफरनें शांतपणें म्हणावें, "साहेब, इतकाच वेग बरा," आणि साहेबांनीं कागदांत पुन्हां डोळे घालावे.

ऋतुपर्ण राजास घोड्यांविषयीं शंका नव्हती असें नाहीं. शंका असूनही ज्याची विद्या त्याच्या हातीं त्यानें सोंपविली, म्हणून सूर्यास्तापूर्वीं रथ कुंडिनपुराच्या वेशींत शिरला. आणि त्या रथाचा घोष ऐकूनच आंत दमयंतीनें सारथी कोण तें ओळखलें.